गावच्या पेढीचा जनक

जर्मनीच्या पश्चिम भागात ऱ्हाईन नदीच्या पूर्वेस वेस्टरवाल्ड नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तेथील हवा थंड, हिवाळा लांबलचक आणि जमीन हलकी. दीड-दोनशे वर्षांपूर्वी या मुलखातील शेतकरी मोठ्या हलाखीत दिवस काढीत असत. एकेकाच्या वाट्याला जमिनीचे चार तुकडे, गोठ्यात एखादी गाय आणि शेतात राय नावाचे धान्य व बटाटे, एवढीच काय ती त्यांची संपत्ती. एखाद्या वर्षी पीक बुडाले की घरातील चूल थंड पडे. याच मुलखात झिग नदीच्या काठी हाम नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे ३० मार्च १८१८ रोजी फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझन याचा जन्म झाला. गरिबाला त्याच्या धंद्यापुरते कर्ज कोणी द्यावे आणि कशाच्या भरवशावर द्यावे, हा प्रश्न सोडविण्यात या माणसाने आपले आयुष्य वेचले.

नऊ भावंडांत फ्रीडरिश सातवा. त्याचे वडील काही काळ गावचे कारभारी होते. परंतु मुले लहान असतानाच ते आजाराने खचले आणि घरसंसाराचा सारा भार आईवर येऊन पडला. आई धर्मशील, करारी आणि कष्टाळू होती. दारिद्र्यातही तिने मुलांवर सचोटीचे संस्कार केले. फ्रीडरिशची गावच्या शाळेतील वर्षे संपली, तेव्हा पुढील शिक्षणासाठी घरात पैसा नव्हता. गावच्या धर्मोपदेशकाला या हुशार मुलाची कीव आली व त्याने तीन वर्षे त्याला स्वतः शिकविले. सतराव्या वर्षी फ्रीडरिश सैन्यात शिरला आणि तोफखान्यात काम करू लागला. तेथे त्याची बढतीही झाली. पण दैवाला ते मानवले नाही. त्याला डोळ्यांचा विकार जडला आणि १८४३ साली सैन्यातील नोकरी सोडणे भाग पडले. पुढे जन्मभर या विकाराने त्याची पाठ सोडली नाही.

सैन्यातून बाहेर पडल्यावर तो प्रशियाच्या मुलकी खात्यात लागला. १८४५ साली, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, वायरबुश येथील बर्गरमाइस्टर म्हणून त्याची नेमणूक झाली. बर्गरमाइस्टर म्हणजे काही खेड्यांचा मिळून कारभार पाहणारा अधिकारी. आपल्याकडील मामलेदाराशी त्याची थोडीफार तुलना करता येईल. त्याच वर्षी एमिली श्टॉर्क या तरुणीशी त्याचा विवाह झाला.

नव्या कारभाऱ्याने प्रथम शाळेकडे आणि रस्त्याकडे लक्ष दिले. पावसाळ्यात व हिवाळ्यात त्या डोंगरी वाटांवरून गाडी हाकणे कठीण असे. खेड्यातील माल बाजारात पोहोचत नसे आणि पोहोचला तरी त्याला भाव मिळत नसे. वेस्टरवाल्डमधील खेडी ऱ्हाईनच्या खोऱ्याला जोडणारा रस्ता व्हावा, यासाठी रायफायझन यांनी पुढे अनेक वर्षे खटपट केली. तो रस्ता आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

नेमणुकीला दोन वर्षे होतात न होतात तोच संकट कोसळले. १८४६ साली रायचे पीक बुडाले व बटाट्यावर रोग पडला. १८४६-४७ चा तो हिवाळा भयंकर होता. धान्य महाग झाले. गरिबांना ते विकत घेणे शक्यच होईना. सरकारने आपल्या कोठारांतील पीठ वायरबुशला देऊ केले, परंतु ते रोख पैसे घेऊनच विकावे अशी अट घातली. ज्याच्या घरी दमडी नाही, त्याला या अटीचा काय उपयोग? रायफायझन यांच्यापुढे पेच पडला. सरकारी हुकूम मोडावा, तर नोकरी धोक्यात येणार. हुकूम पाळावा, तर डोळ्यांदेखत माणसे उपाशी मरणार. त्यांनी पीठ उधारीने वाटण्याचे ठरविले आणि त्याची जबाबदारी स्वतःवर घेतली.

पण सरकारी पीठ किती दिवस पुरणार? रायफायझन यांनी गावातील खाऊनपिऊन सुखी असलेल्या लोकांना एकत्र बोलावले व प्रत्येकाने आपल्या ऐपतीप्रमाणे पैसे घालून एक निधी उभारावा, अशी गळ घातली. लोकांनी ते मानले. त्या पैशातून बाहेरून धान्य आणविले. गावाने स्वतःची भट्टी बांधली आणि तीत पाव भाजले जाऊ लागले. ज्याच्याजवळ पैसे नव्हते त्याला पाव उधारीने मिळे. पुढचे पीक हाती आल्यावर त्याने पैसे फेडायचे. व्यापाऱ्यांच्या पावाच्या जवळजवळ निम्म्या किमतीत गावचा पाव मिळू लागला. वसंत ऋतूत पेरणीसाठी बटाट्याचे बेणेही याच निधीतून आणले गेले. एकट्यादुकट्याला जे साधले नसते, ते साऱ्यांनी मिळून केल्यामुळे साधले. गाव करी ते राव न करी, या आपल्याकडील म्हणीचा प्रत्यय वायरबुशच्या लोकांना त्या हिवाळ्यात आला.

१८४८ साली रायफायझन यांची बदली जवळच्याच फ्लामर्सफेल्ड येथे झाली. तेथे दुष्काळ ओसरला होता, परंतु दुसरेच एक दुखणे लोकांना आतून पोखरीत होते. ते दुखणे म्हणजे कर्ज. शेतकऱ्याची गाय मेली की त्याला नवी गाय घ्यावीच लागे. दूध तर हवेच. शिवाय तेथील लहान शेतकरी नांगराला व गाडीलाही गायच जुंपीत आणि शेताला खतही तिचेच मिळे. पण गाईला पैसा कोठून आणणार? शहरातील पेढ्या मोठ्या व्यापाऱ्यांना कर्ज देत. खेड्यातील माणसाला त्या दारात उभे करीत नसत. मग तो सावकाराकडे किंवा गुरांच्या व्यापाऱ्याकडे जाई. तेथे व्याज इतके जबर असे की मुद्दल तसेच राही आणि व्याज फेडता फेडता वर्षे निघून जात. कधी कधी व्यापारी गाय शेतकऱ्याच्या गोठ्यात बांधी, पण तिची मालकी स्वतःकडेच ठेवी. गाईला चारा घालावा शेतकऱ्याने, तिची निगा राखावी शेतकऱ्याने आणि तिच्या वाढीचा लाभ घ्यावा व्यापाऱ्याने, असा तो व्यवहार. अखेर अनेकांची घरे आणि शेते लिलावात निघत.

१८४९ च्या अखेरीस रायफायझन यांनी फ्लामर्सफेल्डमधील साठ सधन गृहस्थांना एकत्र करून एक साहाय्यक मंडळ स्थापन केले. मंडळाच्या देण्याला आपण सारे मिळून जामीन आहोत, असे या साठ जणांनी लिहून दिले. त्या जामिनावर मंडळाला माफक व्याजाने पैसा मिळाला. त्यातून गुरे विकत घेऊन ती गरीब शेतकऱ्यांना देण्यात आली. शेतकऱ्याने त्यांची किंमत पाच वर्षांच्या हप्त्यांनी फेडावयाची होती. काही काळाने मंडळ गुरांऐवजी रोख कर्जही देऊ लागले. पाच वर्षांची मुदत मिळाल्यामुळे शेतकऱ्याला श्वास घ्यायला उसंत मिळाली. गाईच्या दुधातून आणि शेताच्या उत्पन्नातून तो हळूहळू हप्ते फेडू लागला.

१८५२ साली त्यांची पुन्हा बदली झाली. हेडेसडोर्फ हे नवे ठिकाण ऱ्हाईनकाठच्या नॉयव्हीड शहराला लागून होते. तेथे १८५४ साली त्यांनी आणखी एक मंडळ काढले आणि त्याच्यावर पुष्कळ कामे सोपविली. अनाथ व उनाड मुलांचे संगोपन करावे, तुरुंगातून सुटलेल्यांना काम मिळवून द्यावे, गरिबांना गुरे घेऊन द्यावी, कर्ज द्यावे, असा त्याचा मोठा पसारा होता. आरंभी लोकांनी उत्साहाने पैसा दिला. परंतु वर्षामागून वर्षे गेली, तसतसा श्रीमंत सभासदांचा उत्साह मावळला. आपण पैसा घालावा, धोका पत्करावा आणि लाभ मात्र दुसऱ्यांना व्हावा, असे किती दिवस चालणार? एकेक जण अंग काढून घेऊ लागला.

रायफायझन हे दयाळू व श्रद्धाळू गृहस्थ होते. श्रीमंतांनी गरिबांना हात द्यावा, हे धर्मकर्तव्यच आहे, अशी त्यांची निष्ठा होती. त्यामुळे मंडळाची ही अवस्था पाहून त्यांना फार वाईट वाटले. पण त्यांनी लोकांना दोष देत बसण्याऐवजी आपल्या योजनेतच काय उणे आहे याचा शोध घेतला. त्याच सुमारास डेलिच गावचे शुल्झे नावाचे गृहस्थ शहरातील लहान कारागिरांसाठी असेच कार्य करीत होते. सुतार आणि चांभार यांनी एकत्र येऊन लाकूड व कातडे घाऊक भावाने विकत घ्यावे, म्हणून त्यांनी १८४९ साली कारागिरांच्या संस्था काढल्या होत्या. पुढे कारागिरांसाठी पतसंस्थाही स्थापन केल्या. या संस्थांत कोणी दाता नव्हता आणि कोणी याचक नव्हता. ज्याला कर्ज हवे त्याने सभासद झालेच पाहिजे, असा तेथील दंडक होता. रायफायझन यांनी शुल्झे यांच्याशी पत्रव्यवहार केला. स्वतःच्या पंधरा वर्षांच्या मतावर पाणी सोडणे सोपे नव्हते; तरी खूप विचार करून त्यांनी ते सोडले. दानाचा झरा आटतो, पण परस्परांच्या जबाबदारीवर उभी केलेली संस्था टिकते, हे त्यांना पटले होते.

१८६२ साली आनहाउझेन येथे व १८६४ साली हेडेसडोर्फ येथे त्यांच्या नव्या धर्तीच्या कर्ज देणाऱ्या संस्था सुरू झाल्या. तिचे नियम थोडे आणि साधे होते. संस्थेचे क्षेत्र एका गावापुरते किंवा लगतच्या दोन-चार वाड्यांपुरते असावे, म्हणजे प्रत्येक सभासद दुसऱ्याला ओळखेल. कर्ज फक्त सभासदालाच द्यावे आणि तेही बी, खत, गुरे, अवजारे अशा उत्पन्न देणाऱ्या कामासाठी द्यावे. कर्जदाराजवळ तारण नसेल, तर त्याची सचोटी जाणणाऱ्या शेजाऱ्यांनी जामीन राहावे. फेडीची मुदत पिकाचा व धंद्याचा विचार करून पुरेशी लांब ठेवावी. पंचांनी वेतन न घेता काम करावे. हिशेब लिहिणाऱ्याला तेवढे मानधन द्यावे. नफा वाटून न घेता तो राखीव निधीत टाकावा आणि संस्थेचे देणे फेडण्याची जबाबदारी साऱ्या सभासदांनी मिळून अमर्याद घ्यावी.

या शेवटच्या नियमातच सारे मर्म होते. समजा, गावातील पन्नास गरीब माणसे निरनिराळी पेढीवर गेली, तर एकालाही कोणी उभे करणार नाही. पण तीच पन्नास माणसे म्हणाली की, आमच्यापैकी एकाने पैसे बुडविले तर ते उरलेले एकोणपन्नास फेडतील, तर पैसा देणाऱ्याला चिंता उरत नाही. अशा रीतीने ज्याला एकट्याला पत नव्हती, त्याला साऱ्यांमुळे पत मिळाली. मात्र यात धोकाही तेवढाच होता. शेजाऱ्याने कर्ज बुडविले तर आपल्या घरादारावर संकट येणार, हे प्रत्येकाला ठाऊक असे. म्हणून कर्ज मंजूर करताना पंच बारकाईने चौकशी करीत. गाय घेण्यासाठी म्हणून पैसे घेतले, तर गोठ्यात गाय आली की नाही, हे सारे गाव पाहत असे. आळशी, व्यसनी किंवा लबाड माणसाला सभासद करून घ्यायला कोणी तयार नसे. त्यामुळे कर्ज हवे असलेल्या माणसाला आधी आपले वागणे सुधारावे लागे.

संस्थेत ठेवीही ठेवता येत. मोलकरणीने किंवा शेतमजुराने शिलकीत टाकलेली लहानशी रक्कम पूर्वी घरात गाडग्या-मडक्यात पडून राही. आता ती शेजाऱ्याच्या शेताला वा धंद्याला उपयोगी पडू लागली आणि ठेवीदाराला व्याजही मिळू लागले. पुढे या संस्था बी, खते व अवजारे एकत्रितपणे विकत घेऊ लागल्या. त्यामुळे माल चांगला मिळे व स्वस्तही पडे.

सार्वजनिक कार्याला असे यश येत असताना रायफायझन यांच्या घरावर मात्र दुःखाचे डोंगर कोसळले. १८६३ साली त्यांची पत्नी वारली. त्याच सुमारास ते स्वतःही भयंकर तापाने अंथरुणाला खिळले. जीव वाचला, पण प्रकृती कायमची ढासळली आणि दृष्टी अधिकच मंद झाली. १८६५ साली, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्यांना नोकरीतून निवृत्त व्हावे लागले. निवृत्तिवेतन तुटपुंजे होते. पदरात मुले होती. त्यांनी चिरुटांचा एक लहान कारखाना काढून पाहिला. तो चालला नाही. मग त्यांनी द्राक्षमद्याचा व्यापार सुरू केला व त्यावर घरखर्च भागविला. लहान धंदेवाल्याला भांडवलाची चणचण कशी भासते, हे त्यांनी आता स्वतःही अनुभवले.

दृष्टी गेल्यामुळे लिहिणे-वाचणे कठीण झाले, तेव्हा त्यांची थोरली मुलगी अमालिया त्यांचे डोळे बनली. आलेली पत्रे ती वाचून दाखवी, उत्तरे लिहून घेई, हिशेब तपाशी. तिने आपले आयुष्य वडिलांच्या कार्याला वाहिले. १८६६ साली रायफायझन यांनी कर्ज देणाऱ्या संस्था कशा काढाव्यात व कशा चालवाव्यात याविषयी एक ग्रंथ प्रसिद्ध केला. तो वाचून गावोगावचे शिक्षक, धर्मोपदेशक व शेतकरी त्यांच्याकडे सल्ला विचारू लागले. पुढील वीस-एकवीस वर्षांत त्या ग्रंथाच्या पाच आवृत्त्या निघाल्या.

संस्था वाढल्या, तशी एक नवी अडचण पुढे आली. एका गावात ठेवी पुष्कळ, पण कर्ज घेणारे थोडे. तर दुसऱ्या गावात गरज मोठी, पण ठेवी अपुऱ्या. ही विषमता दूर करण्यासाठी १८७२ साली नॉयव्हीड येथे या संस्थांची एक मध्यवर्ती पेढी त्यांनी स्थापन केली. ज्या गावाजवळ पैसा शिल्लक असेल त्याने तो मध्यवर्ती पेढीत ठेवावा आणि ज्याला हवा असेल त्याने तेथून घ्यावा, अशी ही योजना होती. १८७७ साली संस्थांना मार्गदर्शन करण्यासाठी व त्यांचे हिशेब तपासण्यासाठी एक संघही निर्माण झाला. शुल्झे यांच्याशी मात्र त्यांचे पुढे तीव्र मतभेद झाले. सभासदाने भाग विकत घेतलाच पाहिजे व कर्ज थोड्या मुदतीचेच असावे, असे शुल्झे यांचे मत होते. शहरातील कारागिराला ते जमण्यासारखे होते. पण ज्याचा पैसा पीक आल्याशिवाय हाती येत नाही, त्या शेतकऱ्याला ते कसे परवडावे, असा रायफायझन यांचा सवाल होता. दोघांनीही आपापली वाट सोडली नाही. दोन्ही वाटांनी गेलेल्या लहान माणसांचे कल्याणच झाले.

११ मार्च १८८८ रोजी, सत्तराव्या वाढदिवसाला थोडेच दिवस उरले असताना, रायफायझन यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांच्या पद्धतीने चालणाऱ्या चारशेहून अधिक संस्था उभ्या राहिल्या होत्या.

त्यांचे कार्य जर्मनीपुरते राहिले नाही. त्याचा आपल्या देशाशीही निकटचा संबंध आहे. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे कर्जाने गांजलेल्या शेतकऱ्यांनी उठाव केला आणि सावकारांचे कर्जरोखे जाळून टाकले. त्यानंतर काही वर्षांनी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि विल्यम वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यासाठी शेतकी पेढीची योजना सुचविली. परंतु लंडनमधील सरकारने तिला संमती दिली नाही. १८९२ साली मद्रास सरकारने फ्रेडरिक निकल्सन या अधिकाऱ्याला युरोपातील अशा पेढ्यांची पाहणी करण्यास पाठविले. १८९५ आणि १८९७ साली त्यांनी मोठे अहवाल सादर केले. हिंदुस्थानला केवळ योजना नकोत, तर रायफायझन यांच्यासारखा माणूस शोधून काढला पाहिजे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा निष्कर्ष होता. पुढे १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. ग्रामीण संस्थांसाठी त्यात रायफायझन यांचाच अमर्याद जबाबदारीचा नियम घेतला होता. १९०५ साली मुंबई इलाख्यातील कणगिनहाळ या आज कर्नाटकात असलेल्या गावी अशी संस्था निघाली. १९११ साली विठ्ठलदास ठाकरसी व लल्लूभाई सामळदास यांच्या पुढाकाराने या संस्थांना भांडवल पुरविणारी मध्यवर्ती सहकारी पेढी मुंबईत स्थापन झाली.

महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून ज्या संस्थेला लोक नुसते सोसायटी म्हणतात, तिचे मूळ असे वेस्टरवाल्डच्या डोंगरात आहे. अहमदनगर जिल्ह्यातील लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांनी १९२३ साली शेतकऱ्यांची पतसंस्था काढली. तेथे लागलेल्या सवयीतून आणि जडलेल्या विश्वासातून पुढे धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली प्रवरेकाठी शेतकऱ्यांच्या मालकीचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला व १९५०-५१ च्या हंगामात त्याची चाके फिरू लागली. मात्र सगळीकडेच असे यश आले नाही. जेथे कर्ज घेणाऱ्याची पारख न करता कर्ज दिले, जेथे पंचांनी आपल्याच माणसांची सोय पाहिली, जेथे संस्था आपली नसून सरकारची आहे असे लोकांना वाटले, तेथे कर्जे थकली आणि संस्था बुडाल्या. नियम पुस्तकातून उचलता येतात. परस्परांवरील विश्वास मात्र गावाला स्वतः कमवावा लागतो.

सहकारी संस्थांच्या रूपाने लोकांनी एकत्र येण्याची ही कल्पना व तिची परंपरा युनेस्कोने २०१६ साली मानवजातीच्या वारशाच्या यादीत समाविष्ट केली. रायफायझन यांनी कोणाला श्रीमंत केले नाही आणि स्वतःही ते श्रीमंत झाले नाहीत. परंतु गरिबाचा शब्द हेही एक तारण आहे, फक्त त्या शब्दामागे साऱ्या गावाने उभे राहिले पाहिजे, हे त्यांनी जगाला दाखवून दिले. ज्याच्या दारात एक गाय आली, ज्याच्या हाताला अवजार मिळाले, ज्याच्या दुकानात थोडा माल भरला गेला, अशा असंख्य सामान्य माणसांच्या घरात त्यांचे कार्य जिवंत आहे.